मनोविकार वॉर्डात तीन महिने: ऐकलेलं जसंच्या तसं लिहायला आधी शिक

एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रौढ मनोविकार वॉर्डात तिला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. ती विचारते: जाण्याआधी कोणत्या चाचण्या पाठ करू? थेरपी करायला मिळेल का? आणि आई-बाबांना भीती वाटते, त्यांना काय सांगू?

तुला 'तू' म्हणते, माझ्याकडे येणाऱ्या मुला-मुलींना मी तेच म्हणते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रौढांच्या वॉर्डांत मला आता १९ वर्षं झाली, त्यातली बारा इंटर्न्सना शिकवण्यात गेली. खाली जे रुग्ण येतील त्यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

चाचण्या पाठ करू नकोस. थेरपीचं नंतर बोलू. तीन महिन्यांत एक गोष्ट नीट हाताला लागली तर तुझी इंटर्नशिप सार्थकी लागली असं मी म्हणेन: समोरच्या माणसाने जे म्हटलं आणि जे केलं, ते आपला अर्थ न चिकटवता कागदावर उतरवणं. ऐकायला हे फार साधं वाटतं. मला ते शिकायला एक माणूस गमावण्याच्या काठापर्यंत जावं लागलं.

मी प्रशिक्षणात होते तेव्हाची गोष्ट. चाळिशीच्या एक बाई नैराश्यासाठी दाखल होत्या, चौथा दिवस होता. मी विचारलं, "आज कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "कंटाळा आलाय." मी माझ्या वहीत इंग्रजीत लिहिलं, 'बोअर्ड', आणि पुढे सुचवलं की यांना दुपारच्या हस्तकलेच्या गटात घ्यावं. संध्याकाळी माझ्या सुपरवायझर मॅडमनी वही वाचली. मला काही न बोलता त्या उठल्या, मला बरोबर घेतलं आणि त्या बाईंच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. एवढंच विचारलं, "कशाचा कंटाळा आलाय, ताई?" बाई बराच वेळ चादरीचा काठ दुमडत आणि उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्याचाच. उठायचं, जेवायचं, परत झोपायचं. सकाळी डोळेच उघडू नयेत असं वाटतं." पुढचं हळूहळू बाहेर आलं. घरून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याची तयारी त्यांच्या पिशवीत होती. त्या रात्री त्यांची खाट सिस्टरच्या टेबलासमोर आणली, पिशवी काढून घेतली, डॉक्टरांनी औषधं बदलली. सहा आठवड्यांनी त्या चालत घरी गेल्या.

'कंटाळा' या एका शब्दात आपल्याकडे काय काय मावतं बघ. वेळ जात नाही, थकवा आलाय, माणसं नकोशी झालीत, जगणं नकोसं झालंय. मी त्यातला सगळ्यात हलका अर्थ उचलला आणि तोही दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवला. म्हणून माझ्या वॉर्डात पहिल्या दिवसापासून एकच सक्ती असते. केसपेपरवर तांत्रिक शब्द इंग्रजीत लिहा, हरकत नाही, पण त्याआधी रुग्णाचं वाक्य त्याच्याच तोंडचं, देवनागरीत, अवतरणचिन्हांत आलं पाहिजे. हिंदीत बोलला तर हिंदीत.

बोलीचंही तेच आहे. घणसोली, ऐरोली, कळवा, दिवा या पट्ट्यातली जुनी आगरी-कोळी घरं आपल्याकडे येतात. आगरीत 'मला'चं 'मना' होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने (चांगली हुशार, पण दादर-पार्ल्यात वाढलेली) एका पन्नाशीच्या काकांची नोंद लिहिली: मनाला बरं वाटत नाही, मूड उदास. काका म्हणाले होते, "मना बरा नाय वाटत." म्हणजे फक्त 'मला बरं वाटत नाही'. पोटावरून हात फिरवत म्हणाले होते, तेही तिने पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. ते क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर होते आणि चार दिवस पोट साफ झालं नव्हतं. क्लोझापिनमुळे होणारी बद्धकोष्ठता आतडं अडकण्यापर्यंत जाऊ शकते. सिस्टरच्या ध्यानात आलं म्हणून वेळेत उपाय झाला. त्या मुलीला बोली येत नव्हती यात तिचा काही दोष नाही. "म्हणजे काय होतंय, काका?" एवढा पुढचा प्रश्न मात्र विचारायला हवा होता.

आता मेंटल स्टेटस एक्झामिनेशनकडे, म्हणजे रुग्णाच्या आजच्या मानसिक स्थितीच्या तपासणीकडे येते, कारण रोजचं काम तेच असेल. पेहराव आणि वर्तन, बोलणं, मूड, विचार, संवेदना, आकलन, निर्णयशक्ती, आजाराची जाण, हे मथळे तुला पाठच असतील. मथळ्यांखाली काय लिहायचं हा खरा प्रश्न आहे. 'रुग्ण संशयी वाटला' हे मी खोडते. त्याऐवजी एका मुलाने लिहिलेली नोंद मी अजून दाखवायला जपून ठेवली आहे: 'खुर्ची उचलून भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. बोलताना तीनदा दाराकडे पाहिलं. पाणी दिलं तर म्हणाला, आधी तू पी.' यात 'संशयी' हा शब्द कुठेच नाही. पण पंधरा दिवसांनी तोच माणूस दाराकडे पाठ करून बसला आणि न विचारता पाणी प्यायला, तेव्हा औषध लागू पडलं हे या तीन वाक्यांशी ताडून कुणालाही कळलं. विशेषणावरून अशी तुलना करता येत नाही.

पुस्तकातले प्रश्न आपल्या माणसांना विचारताना डोळे उघडे ठेव. शंभरातून सात वजा करत जा, ९३, ८६, ७९... हे न जमल्याने एका भाजीवाल्या मावशींचं 'लक्ष आणि एकाग्रता क्षीण' असं लिहिलं गेलं होतं. मी त्यांना विचारलं, दोनशेची नोट दिली, पाऊण किलो भेंडी, ऐंशी रुपये किलोची, किती परत द्याल? माझं विचारून होईतो उत्तर आलं, "एकशे चाळीस, कोथिंबीर हवी का?" ज्यांची शाळा सुटली त्यांना वीसातून एक-एक वजा करायला सांग, वार उलटे म्हणायला सांग, व्यवहारातला हिशेब घाल. म्हणींचंही तसंच. 'नाचता येईना अंगण वाकडे' याचा अर्थ विचारल्यावर कुणी म्हणालं, "अंगण वाकडं असलं की पाय मुरगळतो," तर ते अमूर्त विचार न जमण्याचं लक्षण असू शकतं. पण ती म्हण त्या माणसाने आयुष्यात कधी ऐकली होती का, हे आधी विचार. एका म्हणीवरून निष्कर्ष काढू नकोस, दोन-तीन म्हणी आणि साम्य-फरकाचे प्रश्न मिळून चित्र बघ.

'अंगात येणं' आणि 'करणी' यांच्याबद्दल वेगळं सांगते, कारण इथे नवी मुलं हमखास चुकतात. नवरात्रात देवीसमोर अंगात येतं, घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, आरती झाली की बाई उठून स्वयंपाकाला लागते: यात आजार शोधू नकोस. तेच अवेळी, एकटीला, आठ रात्रींच्या जागरणानंतर आणि घरच्यांनाच "हे काही वेगळंच आहे" असं वाटत असताना झालं तर नीट विचार. कधीपासून, कुठे, कुणासमोर, त्यानंतर काय होतं, घरचे त्याला काय म्हणतात. "करणी केलीय" हे वाक्यही आपल्याकडे अर्धी माणसं दुःखाचं कारण म्हणून सहज बोलतात. त्याला लगेच भ्रम म्हणायचं नाही आणि त्याच्याशी वादही घालायचा नाही. भगताकडे नेऊन मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही कळलं तर मात्र त्याच दिवशी सोशल वर्करला आणि डॉक्टरांना सांगायचं. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्या घराला ते माहीत असेलच असं नाही.

आत्महत्येचा प्रश्न विचारायला सगळ्या इंटर्न्सची जीभ अडखळते. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, ही भीती निराधार आहे. उलट विचारलं की बहुतेक माणसं सुटकेचा श्वास टाकतात. मराठीत त्याला सुंदर पायऱ्या आहेत, त्या वापर. "जगण्यात गोडी वाटते का अजून?" मग "झोपलो ते उठूच नये, असं येतं का मनात?" मग सरळ, डोळ्यांकडे बघत, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटतं का?" हो म्हटलं तर, कसं करायचं ठरवलंय का, कधी, काही जमवलंय का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आणि कशामुळे थांबलात. शेवटचा प्रश्न विसरू नकोस, त्याच्या उत्तरात मुलाचं, आईचं, कधी घरच्या मांजराचं नाव येतं आणि पुढच्या कामाला तिथून धागा मिळतो. "कुणाला सांगू नका हं," असं कुणी म्हटलं तर वचन देऊ नकोस. "तुमच्या जिवाचा प्रश्न असेल तर मला डॉक्टरांना सांगावंच लागेल, आणि ते मी तुमच्यादेखतच सांगेन," असं आधीच सांगून टाक. आणि नोंद लिहून थांबू नकोस, उठून जा आणि सिस्टरला तोंडी सांग. दाखल झाल्यानंतरचा पहिला आठवडा आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात. माणूस थोडा हसायला-बोलायला लागला की आपण सैल पडतो, नेमकं तेव्हा त्याच्या अंगात काही करण्याइतकी ताकद परत आलेली असते.

औषधं लिहून देणं आपलं काम नाही, पण ती अंगावर काय करतात ते ओळखता आलं पाहिजे, कारण डॉक्टर राऊंडला पाच मिनिटं असतात आणि तू तासभर असतेस. येरझाऱ्या घालणारा प्रत्येक जण चिडलेला नसतो. हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक (भ्रम-भास कमी करणाऱ्या) औषधाने पाय एका जागी ठेववत नाहीत, आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं, त्याला अकाथिसिया म्हणतात, आणि त्याला 'अस्वस्थता वाढली' असं लिहिलं तर त्याच औषधाचा डोस वाढण्याचा धोका असतो. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या माणसाला जुलाब झाले, हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जाऊ लागला तर तसंच उठून सांग. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात, घाम जातो आणि पाणी कमी पडतं तेव्हा हे जास्त बघावं लागतं. अँटिसायकोटिकवर ताप आणि अंग ताठ होणं, क्लोझापिनवर ताप आणि घसादुखी, हेही त्याच यादीतलं. दारूमुळे दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी चादरीवरचे न दिसणारे किडे वेचत असेल, आज कुठला वार आहे हे सकाळी सांगत होता आणि आता सांगता येत नसेल, तर तो डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, समज. ती जिवावरची वैद्यकीय अवस्था आहे, तिथे मानसशास्त्रीय मुलाखत घेत बसू नकोस.

आता चाचण्या. रोर्शाक या शाईच्या डागांच्या चाचणीचे दहा पत्ते तुला खुणावत असतील, मलाही खुणावायचे. पण नुकताच दाखल झालेला, गुंगीच्या औषधावर असलेला, किंवा आठवड्यात तीनदा ईसीटी (विजेच्या झटक्यांचा उपचार) चालू असलेला माणूस चाचणीला बसवला तर तू त्याचं व्यक्तिमत्त्व मोजत नसतेस, त्या दिवसाची गुंगी मोजत असतेस. तो स्थिरावल्यावर, आणि डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला असेल तर, सुपरवायझर शेजारी असताना चाचणी करायची. त्यापेक्षा श्रेणीमापनात, म्हणजे लक्षणांच्या तीव्रतेला गुण देण्यात, हात बसव. एकूण मनोविकाराच्या लक्षणांसाठी अठरा कलमांची बीपीआरएस, स्किझोफ्रेनियासाठी तीस कलमांची पॅन्स, उन्मादासाठी अकरा कलमांची यंग श्रेणी. रेसिडेंट डॉक्टरांबरोबर एकाच मुलाखतीला बस, दोघांनी वेगवेगळे गुण द्या, मग कागद शेजारी ठेवून कुठे फरक पडला त्यावर बोला. यातून जितकं शिकशील तितकं कुठल्याही वर्गात शिकणार नाहीस. आणि अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरतात ती आयडियाज श्रेणी बघून ठेव. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, या चार बाबी आणि आजाराचा काळ यावरून टक्केवारी निघते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची रेषा आहे, आणि ती ओलांडली की नाही यावर एखाद्या घराची सवलत ठरते. तिथे घाईने गुण द्यायचे नाहीत.

थेरपी करायला मिळेल का? पाठ्यपुस्तकातली, बारा-सोळा सत्रांची नाही. आमच्या वॉर्डात माणूस साधारण दोन-तीन आठवडे असतो, त्यात जुन्या जखमा उघडून ठेवायच्या आणि टाके न घालता डिस्चार्ज द्यायचा, हे मी कुणालाही करू देत नाही. तू करशील ते असं: रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं येऊन बसणं, दिवसाचं छोटं वेळापत्रक, झोपेच्या सवयी, श्वासाचे आणि शिथिलीकरणाचे व्यायाम, सहा-आठ जणांचा गट. सकाळच्या वर्तमानपत्राच्या वाचनाचा गट मला फार आवडतो. एकाने बातमी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी बोलायचं. तारीख, वार, जग, आपलं गाव, सगळं त्यात परत येतं. एक आजोबा तीन आठवडे गटात गप्प बसायचे, एक दिवस खोपटच्या एसटी स्टँडची बातमी निघाली आणि ते कंडक्टर असताना कुठल्या गाड्या कुठे लागायच्या ते सगळं सांगत सुटले. त्यांचा मुलगा भेटीला आला तेव्हा दारात उभा राहून ऐकत राहिला.

घरच्यांबरोबरचं काम ही आपल्याकडची मोठी ताकद आहे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णाबरोबर आवारात तंबूत राहू दिलं आणि त्यांना आजार समजावून सांगितला. आज जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डात खाटेशेजारी आई किंवा बायको बसलेली असते, तिला नुसती 'अटेंडंट' समजू नकोस. लंडनमधल्या ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये, नंतर व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या माणसाला घरात सतत टीका, तिरस्कार किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी मिळाली तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, आणि अशा माणसांच्या समोरासमोर आठवड्याला ३५ तासांहून जास्त राहावं लागलं तर आणखी वाढतं. आता दिव्यातल्या एका खोलीत पाच जण राहतात, तिथे हे तास कमी कसे करणार? एका घरात आम्ही असं केलं: मुलाने सकाळी तलावपाळीवर फेरी मारायची, मग वाचनालयात अकरापर्यंत, वडिलांची दुसरी पाळी, म्हणजे बाप-लेक जागे असताना एकत्र दिवसाला जेमतेम चार तास. आणि आईला एक वाक्य बदलायला सांगितलं. "दिवसभर लोळतोस नुसता" याऐवजी "चहा ठेवलाय, उठून घे." ते वाक्य बदलायला त्या माउलीला दीड महिना लागला, प्रत्येक भेटीत आम्ही त्याची उजळणी करायचो. मुलगा आज कामाला जातो. ठाण्यातच १९९० पासून काम करणारी डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, अशा ठिकाणी चालणारे स्वमदत गट जाऊन पाहा, वॉर्डाबाहेर आयुष्य कसं चालतं ते तिथे कळेल. डिस्चार्जच्या कागदावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून देत जा.

तुझी जागा प्रादेशिक मनोरुग्णालयात असेल तर चित्र बरंच वेगळं असेल. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, १८५० खाटांचं. तिथे वर्षानुवर्षं राहिलेली माणसं असतात, आणि त्यांच्या बाबतीत लक्षणांपेक्षा पत्ता हा मोठा प्रश्न असतो. गाव आठवत नसलेल्या माणसाला तालुका विचारून उपयोग नसतो. जत्रा कुठल्या देवाची भरते, नदी कुठली, बाजार कुठल्या वारी, एसटी कुठल्या डेपोची यायची, हे विचार. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना घरी पोचवणारे कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामाबद्दल जाण्याआधी वाच.

कायदा माहीत असल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू नकोस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. केसपेपर उघडलास की आधी बघ, हा माणूस कलम ८६ खाली स्वतःच्या इच्छेने आलाय की कलम ८९ खाली, प्रतिनिधीच्या अर्जावर, जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. स्वतःहून आलेला माणूस घरी जायचं म्हणाला तर डॉक्टर तपासणीसाठी त्याला फार तर २४ तास थांबवू शकतात. हे तुला माहीत असेल तर "उद्या सोडतील हं" असं खोटं आश्वासन तुझ्या तोंडून जाणार नाही. खोटं आश्वासन दुसऱ्या दिवशी त्याला आठवतं आणि तुझ्याशी बोलणं संपतं. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही, एकांतकोठडीला बंदी आहे, बांधून ठेवणं हा तात्काळ धोका टाळण्याचा शेवटचाच उपाय आणि तोही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. सक्तीने केस कापायचे नाहीत, गणवेशाची सक्ती नाही. आणि कुठल्याही कलमाखाली दाखल असला तरी तुझ्याशी बोलायला नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. नकार आला तर "बरं, उद्या याच वेळी येते," म्हण आणि खरोखर त्याच वेळी जा.

आई-बाबांना सांग की वॉर्डातली बहुतेक माणसं आपल्यापेक्षा जास्त घाबरलेली असतात, आणि हिंसक होणारी थोडी. त्यांना हेही सांग की काळजी घेण्याचे नियम आहेत आणि तू ते पाळशील. दाराजवळ बसायचं, पण दार अडवून बसायचं नाही. कुठल्या खोलीत, कुणाबरोबर आहोत ते सिस्टरला सांगूनच जायचं. ओढणी, लोंबते कानातले, गळ्यातली घट्ट दोरी नको. पेन मोजून न्यायचं आणि मोजून आणायचं, चार्जरची वायर वॉर्डात ठेवायची नाही. आवाज चढला तर आपला आवाज उतरवायचा, एक पाऊल मागे, आणि बाहेर. आपला फोन नंबर द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांच्याशी पहिल्या आठवड्यातच ओळख कर. कोण कधी बिथरतं ते त्यांना चालण्यावरून कळतं, आणि तुला वेळेवर हाक तेच मारतील.

घरी जाताना लोकलमध्ये एखादा चेहरा डोळ्यांसमोरून हलणार नाही. आपल्या भावाच्या वयाचा मुलगा असेल, किंवा आईसारखी दिसणारी बाई. एखाद्याचा खूप राग येईल, एखाद्याला घरी घेऊन जावंसं वाटेल. हे सुपरवायझरना सांगायचं, मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही. दर आठवड्याला निदान एक तास सुपरव्हिजन मिळणार आहे का, हे रुजू होण्याआधीच विचारून घे. मिळणार नसेल तर ती जागा सोडून दुसरी शोध, नाव कितीही मोठं असलं तरी. सुपरवायझर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, तेही बघ. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालीस असं नाही, त्यासाठी परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण लागतं. ते अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, त्यामुळे प्रवेश घेताना परिषदेची चालू यादीच प्रमाण मान.

पहिल्या दिवशी नऊची वेळ दिली असेल तर साडेसातला पोच. डोंबिवलीहून तेवढी लवकरची गाडी पकड. रात्रपाळीच्या सिस्टर चार्ज देऊन निघण्याआधी त्यांना गाठ, नाव सांग आणि विचार, काल रात्री कोण झोपलं नाही. त्या ज्यांचं नाव घेतील, त्यांच्या खाटेशी स्टूल घेऊन जा. वही बंद ठेव. आधी विचार, "बसू का?"